दमानं घातलेला घाट

आपल्या भाषेत ‘घाट’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. डोंगर चढायची वाट म्हणजे घाट, नदीच्या पायऱ्या म्हणजे घाट, तांब्याचा डौल तोही घाटच. आणि घरातल्या बाईनं रोजच्या रहाटगाडग्यापलीकडचं काही मनात आणलं, की “कशाला घालतेस हा घाट?” असं जे तिला ऐकावं लागतं, तोही घाटच! मग ते हळदीकुंकू असो, शिवणाचा क्लास असो, नाहीतर बी.एड.चा अर्ज असो. मैत्रिणींनो, मी मात्र डिसेंबर २०२४ मध्ये खराखुरा घाट घातला. कोकणातून जुन्नरला जाणारा, दोन हजार वर्षं माणसांनी पायाखाली घातलेला नाणेघाट. आणि तो घातला माझ्या लेकीसाठी.

लेक माझी तेरा वर्षांची. पाच वर्षांची असताना तिला दमा असल्याचं निघालं. ज्या घरात असं मूल आहे, तिथल्या आईला मी निराळं काय सांगायचं? पावसाची पहिली सर आली की सगळं जग गॅलरीत उभं राहून मातीचा वास घेतं, आणि आपण कपाटातून वाफ द्यायचं मशीन बाहेर काढतो. रात्री दोन वाजता तिला उशांना टेकवून बसवायचं आणि छातीतली शिट्टी कमी होते का, ते कान देऊन ऐकत राहायचं. आमच्याकडे या जागरणाच्या पाळ्या होत्या. पहिली माझी, दुसरी सासूबाईंची. ‘हे’ रात्रपाळीला असले की आम्ही दोघीच.

हळूहळू औषध लागू पडलं. रोजचा पंप नेमानं सुरू झाला. जुन्या कापसाच्या गाद्या गेल्या. उदबत्तीच्या धुरानं नातीला त्रास होतो म्हटल्यावर सासूबाई आपणहून देवापुढे नुसतं निरांजन लावायला लागल्या. गेली दोन वर्षं तिला एकदाही रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यावं लागलं नाही. तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, “आता हिला खेळू द्या, पळू द्या. दमा ताब्यात असेल तर व्यायामाला हरकत नाही, उलट चांगलाच.”

डॉक्टरांनी सांगितलं, पण घरानं ऐकायला हवं ना! मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथेच लेक आठवीत आहे. पी.टी.च्या तासाला सगळ्या मुली मैदानावर, आणि ही पायरीवर त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेली. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून मला ती रोज दिसायची. तिची तक्रार नव्हती. तक्रार नव्हती, हेच मला जास्त लागायचं. तिला बसायची सवय झाली होती.

मी विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, “डॉक्टरांचं काय जातं सांगायला? रात्री उशाशी बसायला ते येणार आहेत का?” यावर मी काय बोलणार! त्या स्वतः उशाशी बसल्या होत्या.

नोव्हेंबरात आमच्या भिशीच्या बायकांनी ठरवलं, की यंदा हॉटेलात जेवायला जाण्यापेक्षा कुठंतरी चालायला जाऊ. मी सहावीला इतिहास शिकवते. सातवाहन आले की फळ्यावर नाणेघाट लिहिते, पण पाहिला कधीच नव्हता. मी ते नाव सुचवलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. घरी सांगितलं तर लेक ताटावरून मान वर न करता म्हणाली, “मी येऊ?”

घरात शांतता. मग ‘हे’ म्हणाले, “अगं, पण जुन्नरच्या बाजूनं वरपर्यंत गाडी जाते. मग जंगलातनं चढायचं कशाला?”

मी म्हटलं, “अहो, भाजी बाजारात तयारसुद्धा मिळते. मी रोज घरी का करते?”

हे उत्तर काही बरोबर नव्हतं, पण वेळेला उपयोगी पडलं. खरी भीती सासूबाईंची होती. त्या रात्री त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “माझी आई उतरायची त्या घाटानं.”

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते. सासूबाईंचं माहेर जुन्नरकडचं, हे ठाऊक होतं. पण त्यांची आई डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन नाणेघाट उतरायची, खालच्या बाजारात विकायची, आणि मीठ-सुकट घेऊन परत चढायची, हे कधी निघालंच नव्हतं. “माझ्या वेळेला सातव्या महिन्यापर्यंत जात होती म्हणे,” सासूबाई म्हणाल्या. “तिथं दगडात खोदलेली टाकी आहेत पाण्याची. आई सांगायची, टाक्यापाशी टेकल्याबिगर पुढं पाय उचलायचा नाही.” मग जुडी बाजूला सारत म्हणाल्या, “भरलेली असतात का अजून, ते बघून या.”

‘बघून ये’ नव्हे, ‘बघून या’! मी काय ते समजले.

मग तयारीला लागलो. आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बारकाईनं सांगितलं, ते इथं देते. रोजचं औषध चुकवायचं नाही. चढाला लागण्याआधी पंप घ्यायचा. थंड, कोरडी हवा थेट छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावरून सुती ओढणी. सोबत ऐनवेळी घ्यायचा पंप, त्याची नळी आणि औषधाची चिठ्ठी. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. आणि पंप घेऊनही आराम पडला नाही तर हट्ट न करता खाली यायचं. (प्रत्येक मुलाची प्रकृती निराळी, तेव्हा तुम्ही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.) महिनाभर आम्ही मायलेकी रोज सकाळी काळ्या तलावाभोवती फिरलो. पहिल्या दिवशी एक फेरी, शेवटी शेवटी चार. फेऱ्या मारताना ती पाढे म्हणायची, म्हणजे दम तुटला की लगेच कळायचं. आमच्याकडे बघून माणसं हसत, पण त्यामुळे तिचा एकोणतिसाचा पाढा पक्का झाला!

ठरल्या रविवारी पहाटेच्या अंधारात कल्याणच्या स्टँडवरून माळशेजकडे जाणारी एसटी धरली. आम्ही भिशीच्या सहाजणी आणि लेक. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं आहे, त्यामुळे खर्चाच्या नावानं तरी कुणाला नाही म्हणता आलं नाही. ‘ह्यां’नी एक गोष्ट कबूल केली होती. मित्राची जीप घेऊन माळशेजमार्गे जुन्नरच्या बाजूनं ते घाटघरला येणार आणि घाटाच्या डोक्यावर आमची वाट बघणार. म्हणजे आम्हाला चढायचंच तेवढं होतं, उतरायचं नव्हतं.

मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, आणि वैशाखरे गावाच्या पुढं आम्ही रस्त्यावर उतरलो. समोर सह्याद्रीची भिंत, आणि तिच्यात वर उचललेल्या अंगठ्यासारखा एक सुळका. त्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. त्या अंगठ्याच्या बगलेत जी खाच दिसते, तीच खिंड. लेकीनं मान वर करून बघितलं आणि माझा हात धरला. हात गार होता. पण थंडीच तशी होती, असं मी मनाला सांगितलं.

पहिला टप्पा अगदी सोपा. सपाट वाट, दोन्ही बाजूंना झाडी. पानगळीचे दिवस, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मध्ये ओढ्याचे कोरडे दगड. करवंदीच्या जाळ्या होत्या, पण करवंदं वैशाखात, आता नुसतेच काटे. आमच्यातल्या एकीनं साडी नेसण्याचा हट्ट धरला होता. तिनं पहिल्याच जाळीला पदर अर्पण केला आणि मग काष्टा मारून सगळ्यांच्या पुढं गेली! बायका घराबाहेर पडल्या की किती हसतात, हे कुणीतरी मोजलं पाहिजे.

तासाभरानं चढ लागला आणि हसणं कमी झालं. वाट दगडांतून वळत वर जायला लागली. लेकीचे पाढे बाराच्या पुढं जाईनात. मी बघत होते. वळून बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. एका मोठ्या धोंड्यापाशी ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले, आणि मला ती ओळखीची शिट्टी ऐकू आली.

तिला बसवलं. ओढणी सैल केली. नळी लावून पंप दिला. बाकीच्या बायका न सांगता जरा दूर जाऊन बसल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दम लागलेल्या मुलाभोवती गर्दी नको असते. मी घड्याळाकडं बघत होते. वर अजून अर्ध्याहून जास्त घाट, खाली तास-सव्वा तासावर रस्ता. मनात सासूबाईंचं वाक्य घुमत होतं, उशाशी कोण बसणार?

तेवढ्यात वरून एक मावशी उतरत आल्या. पायथ्याच्या वाडीतल्या असाव्यात. साठीच्या पुढच्या, अनवाणी, डोक्यावर सुक्या फाट्यांची मोळी. आम्हाला बघून थांबल्या. लेकीकडं बघून काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाल्या, “दमानं ये गं पोरी. घाट काय कुठं पळून नाय चालला.” आणि मोळी सावरत खाली निघून गेल्या.

दमानं! हा शब्द मी हजार वेळा ऐकला असेन, बोलले असेन. पण ज्या घरात आठ वर्षं ‘दमा’ हा शब्द दाराला कडी लावल्यासारखा होता, तिथं त्याच शब्दातून कुणी वाट दाखवील, हे कधी मनात आलं नव्हतं. दम आहे म्हणून जायचं नाही, असं आम्ही धरून बसलो होतो. त्या बाईच्या भाषेत दम आहे म्हणूनच दमानं जायचं.

दहा-पंधरा मिनिटांत शिट्टी थांबली. चेहऱ्यावर रंग आला. तिला अख्खं वाक्य एका दमात बोलता यायला लागलं. मी म्हटलं, “उतरूया का? काही बिघडत नाही.” ती म्हणाली, “पणजीच्या टाक्यापर्यंत जाऊ. तिथं बसून ठरवू.”

मग आमची चाल बदलली. लेकीला सगळ्यांच्या पुढं ठेवलं. तिच्यापुढं कुणी जायचं नाही. शंभर पावलं, थांबा, श्वास. पुन्हा शंभर. गंमत अशी, की या चालीनं आमच्यातल्या जाड्याबारीक सगळ्याच सुखावल्या. सगळ्यांनाच धाप लागत होती, बोलून कुणी दाखवत नव्हती.

वर वर गेलं की जुन्या दगडी पायऱ्या लागतात. आणि मग, मैत्रिणींनो, ती टाकी! कातळात चौकोनी खोदलेली. आत काळंभोर, निश्चल, काठोकाठ पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. डिसेंबर अर्धा संपलेला, तरी भरलेली. आम्ही पिण्याचं पाणी घरून नेलं होतं, तेच प्यायलो. पण हात बुडवून तोंडावर मारलं तेव्हा सगळा शीण गेला. आम्ही तलाव म्हणतो, हौद म्हणतो. इथल्या जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. सोपाऱ्याच्या, म्हणजे आताच्या नालासोपाऱ्याच्या, कुणा गोविंददासानं इथं एक पोढी दान दिल्याचं कोरलेलं आहे. सोपारा कुठं, हा घाट कुठं! मालाचे बैल घेऊन तो इथून जात असेल. तहान लागली असेल. पण नुसता आपल्यापुरतं पाणी पिऊन गेला नाही. मागून येणाऱ्यांची सोय करून गेला. त्या पाण्यानं माझ्या आजेसासूबाईंचा घसा ओला झाला असेल. पोटात सासूबाई होत्या!

लेक टाक्याच्या काठावर बराच वेळ बसली. मग उठून म्हणाली, “चला.” ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जवळच लेणं आहे. ऐसपैस, भिंतीकडेला बसायला दगडी बाक. तीन भिंतींवर ब्राह्मीतली अक्षरं. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजवीवर दहा. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी हा लेख वाचला. ब्यूलरचं वाचन १८८३ मध्ये छापलं गेलं. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा समजतात. अश्वमेध आणि राजसूय असे यज्ञ केले, त्यांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली, याचा चोख हिशोब त्यात आहे. एकेका यज्ञाला ११०१ गाई. एका ठिकाणी तर २४,४०० कार्षापणं! तेव्हा शून्याचं चिन्ह नव्हतं. वीस हजारांची खूण, मग चार हजारांची, मग चारशेची, अशी ती रक्कम मांडली आहे. वाण्याची वही ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे वाचून राणी एकदम घरातली वाटायला लागते.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या मूर्ती आता उरल्या नाहीत. वर कोरलेली नावं मात्र आहेत. त्यांत राणीचं आणि राजाचं नाव एकत्र आहे, आणि आधी तिचं आहे: देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. आमच्या गटात याची इतकी चर्चा झाली, की घराघरांतल्या दारावरच्या पाट्या बदलायच्या बेतापर्यंत गाडी गेली.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच एका शब्दानं. शिलालेखात त्या राणीचं वर्णन आहे. ती महिना महिना उपवास करणारी, व्रतस्थ, आणि ‘गहतापसा’. म्हणजे घरात राहून तप करणारी. मी हा शब्द पुस्तकात वाचला होता. तिथं त्या थंडगार बाकावर बसून, शेजारी लेकीचा श्वास शांत चाललेला ऐकताना तो निराळाच कळला. घरातलं तप म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. रात्री दोन वाजता उशांना टेकवलेलं मूल आणि शेजारी दोन बायका, पाळीपाळीनं. ते तप वाया नव्हतंच. त्याच्याच जोरावर लेक आज इथवर आली होती. पण राणीनं आपलं तप अंतःपुराच्या भिंतीवर कोरून घेतलं नाही. हजारो माणसं, बैल, गाढवं जिथून जात होती, त्या भर रस्त्यावर कोरून घेतलं. घरातलं तप घराबाहेरच्या वाटेवर मांडायचं धाडस त्या बाईत होतं. आम्हाला तेवढं नको. लेकीला वाटेवर सोडलं तरी पुरे.

लेण्यापासून खिंडीतून वर जायला उभ्या कातळातली अरुंद नळी आहे. पायऱ्या आहेत, पण वारा असा येतो की ओढण्या उडून तोंडावर. कोकणातला वारा या फटीतून वर घुसतो. पावसाळ्यात तर दरीत पडणारं पाणी हाच वारा उलटं वर फेकतो. खिंडीच्या मध्यावर वाऱ्याची बारीक शिट्टी वाजत होती. लेक थांबली, कान दिला आणि हसून म्हणाली, “आई, डोंगरालापण दमा आहे!”

मी हसले. ओढणी डोळ्यांवर आली होती ते बरं झालं.

वर पोचलो तर मोठ्या दगडी रांजणापाशी ‘हे’ उभे. या रांजणात येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकातीची नाणी जमा करत, असं सांगतात. समोर जीवधन किल्ला, खाली अख्खं कोकण. ‘ह्यां’नी त्यातलं काही बघितलं नाही. लेकीकडं बघितलं आणि विचारलं, “किती वेळा पंप घेतलास?” ती म्हणाली, “खाली निघताना ठरल्याप्रमाणे, आणि मध्ये एकदा.” मग रांजणाच्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, जकात द्या. मी चढून आलेय.” तिला आम्ही पाच तास घेऊन चढवलं होतं. धडधाकट माणसं दोन-अडीच तासांत चढतात. पण रांजणाला त्याचं काय!

रात्री घरी पोचलो तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. आधी त्यांनी नातीच्या पाठीला कान लावला, नेहमीसारखा. मग मला विचारलं, “भरलेली होती?”

“काठोकाठ,” मी म्हटलं.

त्या काही बोलल्या नाहीत. जानेवारीत शाळेच्या क्रीडास्पर्धांचा फॉर्म आला. लेकीनं भराभर चालण्याच्या शर्यतीत नाव घातलं होतं. फॉर्मवर सही वडिलांची लागते, पण पेन आणून दिलं ते सासूबाईंनी. शर्यतीत ती शेवटून तिसरी आली. पाण्याच्या बाटल्या त्या दिवशी पायरीवर आपापल्या उभ्या होत्या.

आता पुढच्या हिवाळ्याचा बेत चालू आहे, आणि या वेळी घाट घातलाय तो सासूबाईंनी. म्हणतात, “गुडघ्यांनी माझं चढणं व्हायचं नाही. तुम्ही खालून दमानं चढून या. मी ह्याच्याबरोबर गाडीतनं येईन आणि पिठलं-भाकरी घेऊन रांजणापाशी बसेन.”